टीआरएनए न्यूक्लिओसाइड विश्लेषण सेवा : 'किती' ते कळते, 'कुठे' ते नाही

नागपुरातील आमच्या प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र) नसल्यामुळे, हायड्रोजन पेरॉक्साइडचा ताण दिलेल्या यीस्टमधील ट्रान्स्फर आरएनएचे (टीआरएनए, म्हणजे प्रथिने बनताना अमिनो आम्ले आणून देणारे छोटे आरएनए रेणू) नमुने, त्यांच्या घटकांवरील रासायनिक बदल मोजण्यासाठी, आम्ही बाहेरगावच्या एका खासगी सेवेकडे पाठवले. मोजमाप उत्तम झाले. अहवालाच्या मांडणीबद्दल मात्र आमची गंभीर तक्रार आहे.

मे महिन्यातील नागपूरच्या उन्हात कुरिअरच्या गोदामात नमुन्याचे काय होईल ही धास्ती होती. आरएनए पाण्यात विरघळवून न पाठवता इथेनॉलमध्ये अवक्षेपित स्वरूपातच पाठवावे, ही सेवेची सूचना त्यामुळे फार उपयोगी पडली आणि नमुने सुस्थितीत पोहोचले.

या पद्धतीत एन्झाइमांच्या साहाय्याने टीआरएनएच्या साखळीचे सुटे न्यूक्लिओसाइड (तिचे एकेक घटक) केले जातात, ते क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून वेगळे काढले जातात आणि मग प्रत्येकाचे व त्याच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजले जाते. एक मिथाइल गट जोडला गेला की वस्तुमान १४ ने वाढते. पण तो गट नेमका कोणत्या अणूवर बसला, हे केवळ या वाढीवरून समजत नाही. अॅडेनोसिनची मिथाइलयुक्त रूपे वेगळी ओळखण्यासाठी स्तंभातून बाहेर पडण्याची वेळही पाहावी लागते. युरिडिनचेच बदललेले रूप असलेल्या स्यूडोयुरिडिनचे वस्तुमान तर युरिडिनइतकेच असते, आणि इथेच या सेवेचे कौशल्य दिसले : आलेखात दोन्हींची शिखरे स्पष्ट वेगळी होती. शिवाय समस्थानिकयुक्त अंतर्गत मानके (जड अणू असलेले, ज्ञात प्रमाणात मिसळलेले संदर्भ-रेणू) वापरल्याने प्रतिकृतींमधील, म्हणजे पुन्हा केलेल्या मोजमापांतील, आकडे एकमेकांशी जुळले.

एक शंका मात्र राहिली. यीस्टच्या टीआरएनएत अपेक्षित नसलेल्या एन-६-मिथाइलअॅडेनोसिनचा क्षीण संकेत अहवालात होता. अल्कधर्मी द्रावणात एन-१-मिथाइलअॅडेनोसिनचे रूपांतर होऊन हा रेणू तयार होतो. तो आरएनए काढताना आमच्याकडे तयार झाला की पचनाच्या, म्हणजे एन्झाइमांनी साखळी सुटी करण्याच्या, वेळी तिकडे, हे ठरवायला अहवालात पचनद्रावणाचा पीएच द्यायला हवा होता.

खरी तक्रार शेवटच्या रकान्याची आहे. 'स्थान' या शीर्षकाखाली प्रत्येक बदलापुढे ३४, ३७, ५८ असे साखळीतील जागांचे क्रमांक छापलेले होते. सगळी साखळी सुटी केल्यावर कोणता न्यूक्लिओसाइड कुठे होता हे या पद्धतीने कळूच शकत नाही. विचारणा केल्यावर ते क्रमांक माहितीसंचातून (डेटाबेसमधून) उचलल्याचे कबूल करण्यात आले. मोजलेले आणि उसने घेतलेले एकाच तक्त्यात ठेवणे नवख्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाला महागात पडू शकते. आमचा प्रश्न तर स्थानाचाच होता. पेरॉक्साइडच्या ताणाखाली यीस्टच्या एका ल्युसिन-टीआरएनएच्या ३४व्या स्थानी ५-मिथाइलसायटिडिन (सायटिडिनचे मिथाइलयुक्त रूप) वाढते, हे प्रकाशित आहे. पण हाच बदल ४८, ४९ अशा स्थानांवर इतर अनेक टीआरएनएंतही असतो, त्यामुळे एकूण वाढीच्या आकड्यावरून ३४बद्दल काहीच सिद्ध होत नाही.

त्यासाठी बायसल्फाइट प्रक्रियेनंतरचे (मिथाइल नसलेल्या सायटिडिनचे युरिडिन करणाऱ्या प्रक्रियेनंतरचे) अनुक्रमण, किंवा हवा तो टीआरएनए पूरक डीएनएने गळाला लावून, आरनेझ टी१ या एन्झाइमने ग्वानोसिनपाशी तोडून त्या तुकड्यांचे वस्तुमान मोजणे, हे मार्ग आहेत. ही सेवा यांतले दुसरे काम करून देते, मात्र त्याला नमुना बराच जास्त लागतो. अख्खा रेणू छिद्रातून नेऊन विद्युतप्रवाहातील फरक वाचणारे नॅनोपोर तंत्र टीआरएनएसाठीही वापरात आले आहे. पण त्यात एखाद्या जागी बदल आहे असे दिसले तरी तो कोणता, हे बदल नसलेल्या नियंत्रण-नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

पाचपैकी साडेतीन तारे. दोन स्थितींमधील एकूण प्रमाणांची तुलना हवी असेल तर सेवा निःशंक घ्यावी. मूळ फाइली जादा शुल्क न घेता मिळतात, मात्र त्या नमुना नोंदवतानाच लेखी मागाव्यात आणि पचनद्रावणाचा पीएचही त्याच अर्जात विचारून घ्यावा.