कोंबडीखाद्यात पाला: शेवगा की सुबाभूळ?

खान्देशात मक्याऐवजी ज्वारी-बाजरी भरडली की अंड्याचा बलक फिका पडतो. शेवग्याच्या किंवा सुबाभळीच्या पाल्याचं पीठ तो रंग परत आणतं. प्रथिनं दोन्हींत साधारण पाव हिस्सा. फरक आहे विषाचा.

सुबाभळीत मिमोसीन असतं. प्रमाण वाढलं की कोंबड्या खाणं कमी करतात, अंडी घटतात. पाला रात्रभर भिजवून पाणी फेकलं तर ते बरंच उतरतं, तरी 100 किलो खाद्यात 3 किलोवर जाऊ नका.

शेवग्याला ही कटकट नाही. 5 किलोपर्यंत चालतो. त्यापुढे तंतू वाढून ऊर्जा कमी पडते. बांधावरची सुबाभूळ फुकट, हे खरं. तरी शेवगाच बरा.

वाळवण मात्र सावलीत. जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात रंगद्रव्यच उडतं. देठ काढा, मुठीत कुरकुरला तरच दळा. दमट पिठाला बुरशी लागते.