'द हाऊस बाय द लेक' : घर एक, बिऱ्हाडं पाच

थॉमस हार्डिंगचं 'द हाऊस बाय द लेक' मध्यंतरी संपलं आणि तेव्हापासून याला सांग त्याला सांग चाललंय माझं, म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. पुस्तक नवीन नाहीये, २०१५ चं आहे, इंग्रजीत आहे पण भाषा सोपी, मराठी मीडियममधून शिकलेल्या मला डिक्शनरी फारशी उघडावी लागली नाही. बर्लिनच्या पश्चिमेला ग्रोस ग्लीनिके म्हणून गाव आहे, तिथे तळ्याकाठी एक छोटं लाकडी घर, १९२७ साली बांधलेलं, आणि तेव्हापासून त्या घरात जी जी माणसं राहून गेली त्यांची ही गोष्ट. घर तेच, बिऱ्हाडं बदलत जातात, आणि वाचता वाचता शंभर वर्षांचा जर्मनी आपल्याला कळलेला असतो.

मला असली पुस्तकं का लागतात ते आधी सांगते. आम्ही शनिवार पेठेत एका वाड्यात भाड्यानं राहायचो, माडीवर दोन खोल्या. आजीआजोबा तिथे आले १९६१ च्या शेवटी शेवटी, म्हणजे पानशेतच्या पुरानंतर. पुराच्या आधी त्या खोल्यांत दुसरं बिऱ्हाड होतं, ते पाणी ओसरल्यावर परत राहायला आलंच नाही. आमच्या घरात त्यांचा उल्लेख कायम "आधीचे" असाच व्हायचा. खुंट्या आधीच्यांच्या, पाळण्याची कडी आधीच्यांची, कोनाड्यातला तेलाचा डाग आधीच्यांचा. आणि स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतल्या बाजूनं पेन्सिलीनं दुधाचा हिशोब होता, चार उभ्या रेघा आणि त्यांच्यावर एक तिरकी, असे गठ्ठेच्या गठ्ठे, त्यातले खालचे गाळ घासून काढताना पुसले गेलेले आणि वरचे तसेच, पाणी जिथपर्यंत चढलं तिथपर्यंत लाकूड काळपट आणि त्याच्यावर हे दूध. आजीनं घराला कितीदा रंग काढला पण त्या दाराला आतून ब्रश लावू दिला नाही. मी तिथे उभी राहून त्या रेघा मोजायचे, यांच्याकडे मुलं किती असतील, कुणाला इतकं दूध लागत असेल.

तर हार्डिंगचं पुस्तक म्हणजे या "आधीच्यां"ना शोधत जाणं आहे, एकालाही न वगळता. आणि गंमत नाही ती, कारण त्यातला पहिला कुटुंबप्रमुख त्याचाच पणजोबा आहे, आणि पुढे आलेल्यांतले काही जण त्याच्या पणजोबाचं घर गेल्यामुळे तिथे आलेले आहेत.

पणजोबा डॉ. आल्फ्रेड अलेक्झांडर, बर्लिनमधले नावाजलेले ज्यू डॉक्टर. वोलांक नावाच्या जमीनदाराकडून तळ्याकाठची जागा भाडेपट्ट्यानं घेतली आणि शनिवार-रविवारपुरतं जाऊन राहायला घर बांधलं. चार मुलं, पोहणं, बागकाम, पाहुणे. हा भाग वाचताना पुढे काय होणार हे आपल्याला माहीत असतं आणि त्यांना नसतं, त्यामुळे साध्या साध्या गोष्टींनीही जीव कालवतो. १९३६ मध्ये सगळं सोडून कुटुंब लंडनला गेलं. (त्यातला एक मुलगा, हान्स, पुढे ब्रिटिश सैन्यात गेला आणि १९४६ मध्ये आउश्वित्झ या नाझी छळछावणीचा कमांडंट रुडॉल्फ ह्योस याला त्यानं पकडलं. त्यावर हार्डिंगचं आधीचं वेगळं पुस्तक आहे, तेही मिळालं तर वाचाच.)

त्यांच्यानंतर त्या घरात आला विल माइझेल, संगीतकार आणि संगीताचा प्रकाशक, १९३३ मध्येच नाझी पक्षाचा सभासद झालेला. इथे मी पुस्तक थोडं सावरून बसून वाचायला घेतलं, म्हटलं आता हा लेखक पणजोबाच्या बाजूनं याला झोडपणार. तसं होत नाही. माइझेल कसा गाणी लिहायचा, त्याचं आपल्या बायकोवर किती प्रेम होतं, तळ्यावर त्यांचे उन्हाळे कसे गेले हे सगळं तो तितक्याच मनापासून लिहितो जितक्या मनापासून स्वतःच्या आजीचं बालपण. आणि तरीही हे घर माइझेलला कसं मिळालं ते कागद समोर ठेवून सांगतो, त्यात कुठे मऊपणा नाही. माझ्या दृष्टीनं पुस्तकाचं सगळ्यात मोठं बळ हेच. घराबद्दल लिहिणारे बहुतेक जण आपल्या माणसांपुरतं लिहितात, आपण गेलो आणि घर संपलं. घर कुठे संपतं, दुसऱ्या दिवशी तिथे दुसरं कुणीतरी दूध तापवतच असतं ना.

युद्धाच्या शेवटी याच घरात माइझेलच्या ओळखीतला हान्स हार्टमान आणि त्याची बायको येऊन राहिले, आणि ती बायको ज्यू होती. ज्या घरातून एका ज्यू कुटुंबाला जावं लागलं त्याच घरात काही वर्षांनी दुसरी ज्यू बाई जीव मुठीत धरून दिवस काढते. हे कुठल्या कादंबरीत असतं तर मी म्हटलं असतं की लेखकानं ओढूनताणून जुळवलंय.

पण माझा जीव अडकला तो त्यानंतरच्या भागात. युद्ध संपलं, गाव पूर्व जर्मनीच्या बाजूला गेलं, आणि घरात फुअरमान नावाची एक विधवा बाई मुलांना घेऊन राहायला आली, पुढे १९५८ मध्ये क्यूने कुटुंब आलं. उन्हाळ्यात चार दिवस येऊन राहण्यासाठी बांधलेलं घर, त्यात आता बारा महिने दोन बिऱ्हाडं. वाड्यात वाढलेल्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही! आणि मग भिंत. तळ्याची गंमत अशी की त्याच्या पश्चिम काठाला पूर्व जर्मनी आणि पूर्व काठाला पश्चिम बर्लिन, सरहद्द पाण्याच्या मधून जाणारी. १३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनभोवती काटेरी तारा पडल्या, त्याच्या जागी नंतर काँक्रीट आलं, आणि ती भिंत गेली बरोब्बर घर आणि तळं यांच्या मधून. म्हणजे बागेच्या टोकाला तळं आहे, पाण्याचा वास येतोय, आणि २८ वर्षं तुम्हाला ते दिसत नाही. 'तळ्याकाठचं घर' हे नाव तेवढं राहिलं.

तारीख वाचून मी थांबलेच. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. महिनाभराचा फरक फक्त. म्हणजे आमच्या फडताळाच्या दारावरची ती काळपट रेघ आणि त्या बागेतली ती तार एकाच पावसाळ्यातल्या. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मला कळतं, पण त्या दिवसापासून ते घर मला परक्या देशातलं वाटेनासं झालं.

हार्डिंग गावात फिरून, जुने रहिवासी शोधून, सरकारी दप्तरं चाळून लिहितो. घरातल्या एकाचं नाव स्टासीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या कागदपत्रांत निघतं, तेही तो लपवत नाही आणि त्याचा तमाशाही करत नाही. मधे मधे आजच्या काळातली छोटी प्रकरणं आहेत. २०१३ मध्ये तो तिथे परत जातो तेव्हा घर रिकामं आहे, पडझड झालेली, आणि ते पाडून तिथे नवीन घरं बांधायचं घाटत असतं. मग त्याचे नातेवाईक आणि गावातली माणसं मिळून घर साफ करतात, आणि २०१४ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळतो. आता ते अलेक्झांडर हाउस म्हणून उभं आहे, दुरुस्त केलेलं. ज्यांच्याकडून घर गेलं त्यांची पतवंडं आणि ज्या गावात ते गेलं त्या गावची माणसं एका खोलीतला कचरा उपसतायत, हे वाचताना माझे डोळे भरून आले.

काय आवडलं नाही तेही सांगते. नावं भयंकर आहेत, वोलांक, माइझेल, हार्टमान, फुअरमान, क्यूने, त्यात सुना-जावई, दर वीस पानांनी मागे जाऊन बघावं लागतं हा कोण, मी तर शेवटी बुकमार्कवरच वंशावळ लिहून ठेवली. मधे मधे जर्मनीचा राजकीय इतिहास दोन-दोन पानं येतो तो शाळेच्या पुस्तकासारखा आहे, तिथे घर गायब होतं आणि तेवढी पानं जड जातात. आणि फुअरमान बाईंबद्दल मला अजून हवं होतं. डॉक्टरांच्या घरात कोण कुठे बसायचं ते कळतं, या बाईच्या चुलीचं काही फारसं कळत नाही. मोठ्या माणसांचे कागद शिल्लक राहतात, असल्या बायांचे नाही, हे मान्य, पण रुखरुख राहिलीच.

याच्या जोडीला सँडी टोलनचं 'द लेमन ट्री' घ्या, २००६ चं. तेही एका घराचंच, आणि तेही खरं घडलेलं. आताच्या इस्रायलमधल्या रामला गावात अहमद खैरी या पॅलेस्टिनी अरबांनी १९३६ मध्ये दगडी घर बांधलं, अंगणात लिंबाचं झाड लावलं. १९४८ मध्ये त्या कुटुंबाला गावातून हुसकावलं गेलं, आणि त्याच वर्षी बल्गेरियातून आलेलं एक ज्यू कुटुंब त्या घरात राहायला आलं, त्यांची दालिया तेव्हा तान्ही होती. १९६७ मध्ये खैरींचा मुलगा बशीर आणि त्याचे नात्यातले दोन भाऊ बसनं रामल्याला येतात आणि आपापल्या जुन्या घरांची दारं ठोठावतात. एकाला दारातूनच हाकललं जातं, एकाच्या घराची शाळा झालेली असते, आणि बशीरच्या घराचं दार दालिया उघडते, आणि त्यांना आत या म्हणते. पुढे बशीरचे वडील येतात, तोवर त्यांची दृष्टी गेलेली, ते भिंतींवरून हात फिरवत फिरवत घर बघतात, मग झाडापाशी नेतात त्यांना. तिथून नेलेलं लिंबू ते जपून ठेवतात, रात्री झोप आली नाही की सुकलेलं लिंबू हातात घेऊन घरात येरझारा घालतात. एवढ्या एका प्रसंगासाठी पुस्तक विकत घेतलं तरी पैसे वसूल. पुढचं सगळं गोड नाहीये हे सांगून ठेवते, बशीरला बॉम्बस्फोटाच्या प्रकरणात १५ वर्षांची शिक्षा होते, दोघांमधलं बोलणं कित्येक वर्षं तुटतं, आणि घर कुणाचं या प्रश्नावर त्या दोघांचं शेवटपर्यंत एकमत होत नाही. टोलन पत्रकार आहे, त्यानं बळंच एकमत करून दिलेलं नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

हे वाचून झाल्यावर मी आत्याला फोन केला होता, असंच, त्या दार ठोठावण्याबद्दल सांगायला. तर आत्या म्हणाली, अगं आपल्याकडे पण आल्या होत्या की त्या. कोण त्या? "आधीच्या बाई." पुरानंतर दोन-तीन वर्षांनी, दुपारच्या, एकट्याच. मी इथे राहायचे म्हणाल्या, आत यायला तयार नव्हत्या, आजीनं हाताला धरून आत आणलं. पाणी प्यायल्या, चहा नको म्हणाल्या. मग उठून सरळ फडताळाशी गेल्या, दार उघडलं, बघितलं आणि परत लावलं. जाताना आजीनं कुंकू लावून ओटी भरली. आत्या तेव्हा दहा वर्षांची. नाव विचारायचं राहिलं म्हणे. आणि आजी दाराला रंग का लावू देत नव्हती हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

एडमंड द वालचं 'द हेअर विथ अंबर आइज' पण लोक या यादीत घालतात, ते घरापेक्षा घरातल्या वस्तूंचं आहे, २६४ छोट्या जपानी कोरीव मूर्ती, ज्या व्हिएन्नामध्ये १९३८ साली नाझी आल्यावर ॲना नावाच्या मोलकरणीनं आपल्या गादीत लपवून वाचवल्या. सुंदर आहे, पण श्रीमंतांच्या हवेल्यांची वर्णनं माझ्यासाठी जरा जास्त झाली. ॲनाचा भाग मात्र दोनदा वाचला.

घ्यायचं कुठलं, तर आधी 'हाऊस बाय द लेक', मग 'लेमन ट्री'. दुसऱ्याचा धक्का जास्त आहे, पण पहिल्यानं डोळे तयार होतात. ऑनलाइन मागवलंत तर पार्सल लगेच उघडून बघा, मला आलेल्या कॉपीचे कोपरे दुमडलेले होते आणि आतली आठ पानं उलटी शिवलेली, बदलून मिळायला तीन आठवडे आणि सहा फोन लागले. किंडलवर घेऊ नका, नावांसाठी मागेपुढे करताना वैताग येतो.

आमचा वाडा २००८ मध्ये पडला, आता तिथे पाच मजली बिल्डिंग आहे. दार कुणी नेलं माहीत नाही.

आत्या इंग्रजी वाचत नाही, म्हणून रविवारी तिच्याकडे गेले की मी तिला 'हाऊस बाय द लेक' मराठीतून सांगते, जेवणं झाल्यावर, तासभर. मागच्या रविवारी भिंत बांधून झाली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, की त्या विधवा बाई धुणं धुवायला तळ्यावर जात असतील ना गं आधी, मग आता कुठे जायच्या?