किट कार ठोकली गेली तर आधी चेसिस मोजणाऱ्याकडे न्या (जळगाव एमआयडीसीतल्या गॅरेजचा अनुभव)

पुतण्याने मारुती ओम्नीचं ७९६ सीसी इंजिन अन् तिचाच मागचा एक्सल वापरून लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारसारखी किट कार, म्हणजे भाग जोडून स्वतः केलेली गाडी बनवलीय, चौकोनी पाइपची चेसिस (गाडीचा सांगाडा), नाक अन् मडगार्ड फायबरचे. पासिंग नाही म्हणून रोडवर काढत नाही, यावलकडे आमच्या केळीच्या मळ्यातच फिरवतो. तिथेच रानडुक्कर आडवं आलं अन् गाडी डाव्या अंगाने चारीच्या कठड्यावर गेली. पोरगा बरा आहे, बेल्ट लावलेला होता.

इन्शुरन्स नाही, सगळा खर्च खिशातून. एका ठिकाणी तर नीट न बघताच म्हणे गरम करून ओढून देतो, उद्या घेऊन जा. जळगावच्या या मिस्तरींनी मात्र इंजिन, फायबर सगळं उतरवायला लावलं, "पहिले मोजी लेऊ भाऊ, मंग सांगस." चेसिस सपाट टेबलावर ठेवून मागच्या एक्सलच्या ब्रॅकेटपासून पुढच्या विशबोनच्या (चाक चेसिसला धरून ठेवणारा त्रिकोणी आर्म) ब्रॅकेटपर्यंत दोन्ही तिरपी मापं घेतली, ती सारखी यायला पाहिजे, आमच्यात ११ मिमीचा फरक निघाला. पण मागचा अर्धा भाग एकदम बरोबर होता, म्हणजे नवी चेसिस नको, हे ऐकून पोराच्या जिवात जीव आला.

पातळ पाइपला एकदा घडी पडली की गरम करून सरळ दिसेल पण ताकद येत नाही, परत तिथूनच दुमडतो, म्हणून वाकलेले पाइप जोडापासून कापून नवे टाकले, तेही चेसिस टेबलाला क्लॅम्प करून थोडं थोडं वेल्डिंग, नाहीतर थंड होताना वेल्ड सगळं ओढून घेतं. विशबोन सरळ करून चालतील का विचारलं तर साफ नाही म्हणाले, नवेच बनवले, बोल्ट पण ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) नवे. मला हे फार पटलं, चाक ज्याच्यावर उभं आहे तिथे काटकसर करूच नये.

फायबरचं काम कूलरच्या बॉड्या करणाऱ्याने आतून काचेच्या तंतूंची मॅट अन् रेझिन मारून केलं, मजबूत आहे पण कलर जुळला नाही. मिस्तरी फोन उचलत नाहीत अन् दिलेली तारीख पाळली नाही, याचा त्रास झाला.

अलाइनमेंटच्या कॉम्प्युटरमध्ये अशा गाडीचा डेटा नसतो, त्यांनी दोरा लावून टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली ते) सेट केलं, आता स्टीअरिंग सोडलं तरी सरळ जाते. जाणार असाल तर इंजिन घरीच उतरवून न्या, मजुरी बरीच वाचते.