चिकन नाक्यावरचं की पाकिटातलं?

कोथरूडच्या वहिनींना पडलेला प्रश्न. पक्षी दोन्हीकडे ब्रॉयलरच, सहाएक आठवड्यांत तयार होणारा. अँटिबायोटिक दिल्यावर त्याचे अंश मांसातून निघून जावेत म्हणून ठरावीक दिवस थांबूनच तो विकायचा असतो. पण जाळीतल्या कोंबड्या कुठल्या शेडवरून आल्या, हे नाक्यावरच्या दुकानदारालाही बहुधा ठाऊक नसतं. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांना द्यायला २०१९ पासून बंदी आहे, पण तिथे तपासतो कोण? पाकिटावर निदान परवाना क्रमांक आणि बॅच असते, तक्रारीला जागा राहते. ‘अँटिबायोटिकमुक्त’ ठशाला मी भाव देत नाही.

स्वस्ताई नाक्याकडे, ताजेपणाही. डोळ्यांदेखत कापून मिळतं. पण शिजवल्याने औषधाचे सगळे अंश जातातच असं नाही, कुकरच्या शिट्ट्या कितीही होऊ द्या.

रविवारच्या रश्श्यापुरतं नाका चालेल, कलेजी तेवढी वगळा. अंश तिथे जास्त साठतात. रोज चिकन लागत असेल किंवा कुणाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल, तर पाकीटच.