साधना कट की कर्टन बँग्ज? प्रश्न लांब केसांचा आहे

केस कमरेपर्यंत आहेत, कापवत नाहीत, पण आरशाचा कंटाळा आलाय. अशा वेळी नजर कपाळाकडे वळते. मागची लांबी शाबूत ठेवून पुढचे चार केस कापले की नवी बाई झाल्यासारखं वाटतं. मी हा उद्योग दोनदा केलाय. आधी भुवयांवर सरळ पडणारी झालर, म्हणजे आपल्या आयांचा साधना कट. ती दोन वर्षं सांभाळली. मग तीच वाढवून मधल्या भांगाच्या दोन्ही बाजूंना पडणाऱ्या बटा केल्या, ज्यांना हल्ली कर्टन बँग्ज म्हणतात. त्यांना आता तीन वर्षं होतील.

चेहऱ्याच्या आकारांचे तक्ते तुम्ही पाहिलेच असतील, म्हणून गोल, चौकोनी, बदामी यात मी शिरत नाही. मला केस कापण्याआधी कुणीतरी एवढंच विचारायला हवं होतं, की बाई, आठवड्यातून न्हातेस किती वेळा?

तिकडे येतेच. आधी सरळ झालरीची बाजू मांडते, कारण नुसतं दिसण्यात ती सरस आहे हे मी आजही मान्य करते. १९६० साली ‘लव्ह इन सिमला’ हा सिनेमा आला. त्याची नायिका साधना, तिचं कपाळ रुंद, म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर तिचे पुढचे केस कापून घेतले. हेपबर्नचा ‘रोमन हॉलिडे’मधला कट आखूड केसांचा होता. साधनाने ती झालर वेणी-अंबाड्यासोबत मिरवली. आपल्याकडे ती इतकी रुजली ती बहुधा त्यामुळेच, फॅशनही झाली आणि वेणीला कात्रीही लागली नाही. आईच्या अल्बममध्ये तिच्या तीन मैत्रिणी ओळीने उभ्या आहेत. तिघींच्या कपाळावर तीच झालर, तिघींची वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. आजी या प्रकाराला एकाच शब्दात निकालात काढायची: झिपऱ्या.

आजीचं सोडा. सरळ झालरीखाली डोळे मोठे दिसतात, आणि साधी तिपेडी वेणीसुद्धा विचार करून घातल्यासारखी वाटते. कापून आले त्या दिवशी ऑफिसात तिघींनी पार्लरचा पत्ता विचारला. कर्टन बँग्ज केल्यावर एकीनेही विचारला नाही. एक तर म्हणाली, “केस वाढवतेयस का पुढचे?”

लांबसडक केसांची एक गंमत असते, ते स्वतःच्याच वजनाने खाली ओढलेले असतात. जन्मभर मी माझे केस सरळ समजत होते. पुढचे केस सात सेंटिमीटरवर आले, वजन गेलं आणि ते वळायला लागले. कपाळाच्या रेषेवर उजवीकडे एक भोवरा आहे, हेही तेव्हाच कळलं. तिथले केस उजवीकडे उडी मारायचे, बाकीचे खाली बघायचे. त्यातून पार्लरमध्ये ते ओले करून, ताणून कापलेले. वाळल्यावर झालर भुवयांच्या बोटभर वर जाऊन बसली. मागे सरळसोट आणि पुढे अर्धवट कुरळं, दोन बायकांचे केस एका डोक्यावर आल्यासारखं. तेव्हा कुठलीही झालर कापा, केस कोरडे असताना कापायला सांगा, आणि हव्या त्या लांबीपेक्षा बोटभर जास्त ठेवा. हा सल्ला दोन्ही प्रकारांना लागू आहे. फरक इतकाच की सरळ झालरीत भोवरा लपत नाही. मधल्या भांगाच्या बटा मुळात दोन दिशांना जाणाऱ्या, त्यांच्यात तो खपून जातो.

आता न्हाण्याचं.

माझे केस धुवायचे वार ठरलेले आहेत, बुधवार आणि रविवार. शनिवारी रात्री खोबरेल. कमरेपर्यंतचे केस पावसाळ्यात वाळायला दुपार होते, त्यामुळे रोज धुण्याचा प्रश्नच नाही. गरजही नसते. टाळूचं तेल एवढ्या लांबीवर पसरायला वेळ घेतं, आणि वेणीत ते दिसतही नाही. झालरीचा मामला वेगळा. ती बोटभर लांबीची, दिवसभर कपाळाला टेकलेली. वरून टाळूचं तेल उतरतं, खालून घाम, त्यात सकाळी लावलेलं सनस्क्रीन. डोंबिवलीला लोकलमध्ये शिरताना ती झालर असायची. दादरला उतरेपर्यंत तिच्या पाच-सहा काड्या झालेल्या असायच्या, ओल्या खराट्यासारख्या. मागची वेणी मात्र तशीच टवटवीत.

म्हणजे एकाच डोक्यावर दोन वेळापत्रकं. मागचे केस आठवड्यातून दोनदा धुवायचे, पुढचे रोज.

रोज म्हणजे कसं, ते सांगते. सकाळी सव्वासहा. वेणी कुर्त्याच्या आत पाठीवर सोडायची, नाहीतर ती पुढे घसरून बेसिनमध्ये पडते. डोक्याला टेरीचा रुंद हेअरबँड लावून सगळे केस मागे दाबायचे आणि त्याखालून फक्त झालर बाहेर ओढायची. मग बेसिनवर वाकायचं, वाटाण्याएवढा शाम्पू, डोळे घट्ट मिटलेले, एका हाताने नळ चाचपडायचा. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून बाहीत. मागे नवरा दाढीचा ब्रश हातात धरून उभा. “झालं का?” झालेलं नसतं, कारण आता ड्रायर. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, भोवऱ्यावर जास्त वेळ. सगळं मिळून पंधरा मिनिटं सहज. पंधरा मिनिटं ही काही फार मोठी गोष्ट नाही, मला कळतं. पण माझ्यापुरतं केस लांब ठेवण्याचं सुखच हे होतं की सकाळी वेणी घातली की केसांचा विषय मिटला. तो विषय मी कात्री लावून पुन्हा उघडला होता.

उपाय करून पाहिले नाहीत असं नाही. टाल्कम पावडर बोटांनी मुळाशी लावली. तेल शोषलं गेलं खरं, पण काळ्या केसांवर राखाडी झाक राहिली आणि शेजारच्या काकूंनी जिन्यातच हळूच विचारलं, “पुढून पिकायला लागले का गं?” ड्राय शाम्पू त्यापेक्षा बरा, मात्र दोन दिवस सलग मारला की टाळू खाजायला लागायची. शनिवारची रात्र तर आणखी अवघड. झालर वर पिनेने बांधून तेल लावायचं, तरी सकाळपर्यंत ते उशीवरून फिरून पुढे यायचंच. कपाळावर बारीक फोड आले ते वेगळेच. झालर गेल्यावर तेही गेले, एवढंच मी सांगू शकते. त्वचेच्या डॉक्टरांचं मत वेगळं असू शकेल.

कर्टन बँग्जना हे वेळापत्रक लागत नाही, माझं मत तिथेच फिरलं. माझ्या बटा नाकाच्या मध्यापासून सुरू होऊन हनुवटीच्या जरा वरपर्यंत तिरक्या उतरतात. मधलं कपाळ उघडं राहतं, त्यामुळे घाम केसांना भेटत नाही. मंगळवारी, म्हणजे न्हाण्याच्या आदल्या दिवशी, त्या थोड्या चिपकतात हे खरं. तेव्हा त्या कानामागे टाकायच्या, किंवा सागरवेणी घालताना पहिल्या दोन पेडांत गुंतवायच्या. तेल लावलेल्या दिवशी तर झालर आहे हे कुणाला कळतही नाही. मधले सगळ्यात आखूड केस वेणीतून निसटतात, त्यांना एक छोटा चाप पुरतो. बेसिनवर मी आता लग्नाकार्यालाच वाकते.

खोट नाही असं नाही. पोळ्या लाटताना बट तोंडावर येते आणि हात कणकेचे असतात. मग मनगटाने, खांद्याने, फुंकर मारून ती मागे सारायची कसरत चालते. लोकलच्या दारात उभं राहिलं की केस तोंडात. शिवाय या बटांना वळण लागतं. भांगाजवळ थोड्या उचललेल्या आणि गालांपाशी बाहेर वळलेल्या असल्या तरच त्या कर्टन बँग्ज, नाहीतर नुसते वाढलेले पुढचे केस. ऑफिसातली ती मैत्रीण अगदीच चुकीचं बोलली नव्हती. मी चहा होईपर्यंत दोन वेल्क्रो रोलर लावून ठेवते, तोंड पुढच्या दिशेने. चहा पिऊन झाला की काढते. हात रिकामे राहतात, एवढ्यावर माझी तक्रार संपते.

पार्लरमध्ये मात्र शब्दांची काळजी घ्या. आपल्याकडे पुढे कापलेल्या सगळ्याच केसांना ‘फ्लिक्स’ म्हणायची पद्धत आहे. एकदा मी कर्टन बँग्ज सांगितलं आणि “हो हो, फ्लिक्स” म्हणत ताईंनी एका बाजूला तिरकी बट कापून दिली. आता मी नाव घेतच नाही. बोटाने दाखवते, इथून सुरू, इथे संपायला हवं, मधे भांग. आणि जाडी कमी घ्या म्हणून सांगते. दाट सरळ झालरीसाठी कापायच्या केसांचा त्रिकोण कपाळापासून टाळूकडे बराच खोल घ्यावा लागतो, तेवढे केस वेणीतून कमी होतात. माझी वेणी कानापाशी चांगलीच बारीक झाली होती. वेणीची जाडी जपणाऱ्या बायकांनी हे लक्षात घ्यायला हवं, आणि लांब केस ठेवणाऱ्या बहुतेक जणी ती जपतातच.

हळदीकुंकवाचंही सांगून टाकते, कारण ते मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. सरळ झालरीत टिकली दिसत नाही, ते एक वेळ चालतं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येक घरी “जरा केस वर घे गं” हे ऐकावं लागतं, आणि आपण घ्यायच्या आत समोरच्या काकू हळदीच्याच बोटांनी ते वर सारतात. चार घरं झाल्यावर माझ्या झालरीची टोकं पिवळी झाली होती. मधे भांग असला की कपाळ आयतंच मोकळं. दोन्हीकडच्या बटांची महिरप आणि मधोमध टिकली, हे मला तरी सरळ झालरीइतकंच छान वाटतं. लग्न ठरलेल्यांनी मुंडावळ्यांचा विचार करावा. दाट झालरीवर त्या बसतात खऱ्या, पण दिवसभर झालर दाबून धरतात आणि सोडल्यावर कपाळावर आडवी खाच उमटलेली असते. बहिणीच्या मैत्रिणीच्या लग्नाचे संध्याकाळचे फोटो त्याला साक्षी आहेत.

देखभालीचं थोडक्यात. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. कमरेशी ते कळत नाही, डोळ्यांसमोर मात्र लगेच कळतं. सरळ झालरीला तीन-चार आठवड्यांनी कात्री लागते, चष्मा असेल तर त्याआधीच, कारण केस फ्रेमच्या वरच्या कडेवर टेकून पुढे फुगतात. कर्टन बँग्ज मी अडीच-तीन महिन्यांनी कापून घेते. मधे एखादी तारीख हुकली तर त्या गालावरून हनुवटीवर येतात, बाकी काही बिघडत नाही.

आणि मन बदललं तर? याच हिशेबाने भुवईवरची झालर हनुवटीपर्यंत यायला दहा महिने ते वर्ष लागतं. तिथून मागच्या केसांना कमरेपाशी गाठायला आणखी साडेतीन वर्षं तरी धरा, मधे कापले नाहीत तर. माझं ते पहिलं वर्ष चाप, हेअरबँड आणि “काय गं, हे काय चाललंय” यात गेलं. गंमत म्हणजे ती वाढतानाच सातव्या-आठव्या महिन्यात आपोआप मधून फाकली. माझ्या कर्टन बँग्जचा उगम एवढाच आहे. म्हणून पहिल्यांदा कापणारीला मी बिचकत का होईना, आधी लांब बटा करा असंच सुचवते. आवडल्या आणि आणखी आखूड हव्याशा वाटल्या तर सरळ झालर पुढच्या शनिवारी होऊ शकते. उलटा प्रवास कसा असतो ते वर आलंच.

तरी सरळ झालर कुणालाच नको असं म्हणण्याइतकी मी ठाम नाही. केस मुळातच सडपातळ आणि सरळ आहेत, भोवरा नाही, डोक्याला तेल लागत नाही, दिवस एसीत जातो आणि सकाळी आरशासमोर वेळ काढायला आवडतो, अशा बाईला ती शोभेल आणि झेपेलही. शंका असेल तर एक करून पाहा. न्हाल्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आल्या आल्या, तोंड न धुता, कपाळालगतची चिमूटभर बट सोडवून भुवयांवर आणा. पिनेने वर धरून लांबी जमवा. ती पसरून पडली तर खुशाल कापा. काडीसारखी उभी राहिली तर बेसिनची तयारी ठेवा.

माझ्या भाचीने ही परीक्षा दिली आणि पास झाली. कॉलेजात आहे, तेलाचा वास तिला चालत नाही, केस एक दिवसाआड धुते. येत्या रविवारी सरळ झालर कापून घेणार आहे. मी माझं सगळं पुराण तिला ऐकवलं. तिने मान डोलावली आणि विचारलं, “मावशी, तो टेरीचा हेअरबँड आहे का गं अजून?” होता, कपाटात मागे. धुऊन दिला.