लँगेनडॉर्फशिवाय उंदराच्या हृदयपेशी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

उंदराच्या हृदयातून सुट्या पेशी काढायला मी लँगेनडॉर्फ वापरायचे, म्हणजे हृदय नळीला बांधून त्यातून द्रव सोडायचा सेटअप. नऊ महिन्यांपूर्वी तो आवरून कपाटात ठेवला आणि साध्या सिरिंजवर आले. तेव्हापासून सत्तरेक प्रेप, म्हणजे पेशी काढण्याच्या खेपा, झाल्या. भेटेल तो पहिलं हेच विचारतो, "रॉड किती टक्के?" म्हणजे निघालेल्यांपैकी किती पेशी लांबट, धडधाकट राहिल्या. आकडा खाली देते, पण सध्या मला तो प्रश्नच अपुरा वाटतो.

आमचं काम डॉक्सोरुबिसिनवर आहे. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, ल्युकेमिया यांत वापरलं जाणारं हे लाल औषध, एकूण डोस वाढत गेला की हृदयाच्या मुळावर येतं. 2003 च्या एका गाजलेल्या विश्लेषणात चौरस मीटरला 400 मिलिग्रॅमपाशी सुमारे 5 टक्के, 550 ला 26 टक्के आणि 700 ला 48 टक्के रुग्णांचं हृदय निकामी होऊ लागेल असा अंदाज निघाला होता. हे पेशीच्या पातळीवर बघायचं तर एच9सी2 सारखी सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशी) सोपी पडते, पण ती विभागत राहते आणि तिच्यात धड सार्कोमिअरही, म्हणजे आकुंचन करणारे पट्टेही, नसतात. विभागणाऱ्या पेशीला हे औषध मारतं ते मुख्यतः डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज 2 अल्फा या एन्झाइमच्या वाटेने, म्हणजे कर्करोगाच्या पेशीला मारतं तसंच. प्रौढ हृदयपेशीत असतं ते त्याचं भावंड, टोपोआयसोमरेज 2 बीटा. ते हृदयपेशींतून काढून टाकलेल्या उंदरांना या औषधाचा त्रास बराच कमी होतो, हे 2012 मध्ये दाखवलं गेलं. तेव्हा प्रौढ उंदराच्या पेशी काढण्यावाचून इलाज नव्हता.

जुनी पद्धत वाईट नाही. ऑस्कर लँगेनडॉर्फची 1895 ची युक्ती अशी: महाधमनीतून उलटा द्रव सोडला की झडप मिटते आणि द्रव आपसूक कोरोनरीत, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत, शिरतो. पण उंदराची महाधमनी जेमतेम मिलिमीटरभर. ती कॅन्युलावर, म्हणजे बारीक नळीवर, चढवायची, रेशमी दोऱ्याने बांधायची, आणि हे सगळं काही मिनिटांत. कॅन्युला जरा खोल गेली की झडपेच्या पलीकडे, मग कोरोनरीत काहीच जात नाही. एक बुडबुडा शिरला तरी दिवस वाया. माझे हात मुळात स्थिर नाहीत, हे इथेच कबूल करते.

2016 मध्ये 'सर्क्युलेशन रिसर्च'मध्ये आलेल्या पद्धतीत कॅन्युलाच नाही. उंदीर पूर्ण भुलीत गेल्यावर छाती उघडायची, उजव्या जवनिकेत 7 मिलि ईडीटीए बफर सोडून रक्त धुऊन काढायचं, महाधमनीला क्लॅम्प लावायचा आणि हृदय डिशमध्ये घ्यायचं. मग डाव्या जवनिकेच्या टोकातून सुई घालून आधी 10 मिलि ईडीटीए, मग तो धुऊन काढायला 3 मिलि परफ्यूजन बफर, मग पेशींभोवतीचं जाळं पचवणारं कोलॅजिनेज हे एन्झाइम. क्लॅम्पमुळे द्रवाला बाहेर जायला कोरोनरीशिवाय वाट उरत नाही. ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे आकुंचन थांबतं, गुठळी होत नाही आणि पेशींमधले जोड सैल पडतात.

ते मधले 3 मिलि बघून वाटतं, एवढ्याने काय होतंय. एकदा घाईत मी 1 मिलिवर भागवलं. हृदय अर्धा तास रबरासारखं तसंच. कोलॅजिनेजला स्वतःला काम करायला थोडं कॅल्शियम लागतं आणि आत राहिलेल्या ईडीटीएने तेही गिळलं होतं. लागतं तेही नखभरच. पण ते नखभर मिळालंच नाही.

पचन पुरेसं झालंय हे घड्याळावरून कळत नाही. रंग लाल-गुलाबी जाऊन फिकट पडतो, आणि बोथट चिमट्याने हलकं दाबलं की खळगा तसाच राहतो, वर येत नाही. तो खळगा दिसला की थांबायचं. आणखी 5 मिलि सोडण्याचा मोह होतो, पण जास्त पचलेल्या पेशी त्या क्षणी सुंदर दिसतात आणि कॅल्शियम परत दिलं की पटापट गोल होतात. आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती: तिन्ही सिरिंजांची सुई त्याच एका छिद्रातून जायला हवी. दुसरं छिद्र पाडलं की तिथून गळती आणि दाब गेला. पहिल्या महिन्यातल्या माझ्या निम्म्या प्रेप अशाच गेल्या. पुढे सिरिंज पंपावर लावली, मी फक्त सुई धरते.

आता आकडा. चांगल्या दिवशी दहातल्या सात-आठ पेशी रॉड: कडा चौकोनी, आडवे पट्टे स्पष्ट, आणि बीडीएम (आकुंचन थांबवून ठेवणारं रसायन) काढल्यावर उगाच न थरथरणाऱ्या. वाईट दिवशी चार. बोनस म्हणजे पेशी चाळून तळाशी बसवल्या की वरच्या द्रवात फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी) आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी राहतात. डॉक्सोरुबिसिन त्यांनाही सोडत नाही, तेव्हा एकाच हृदयातून दोन्ही हाताशी येतात. लँगेनडॉर्फवर काम करताना मी त्या वर्षानुवर्षं सिंकमध्ये ओतल्या.

तक्रार आहे ती कोलॅजिनेजच्या लॉटची. पाचव्या महिन्यात नवा लॉट आला आणि पहिले पाढे पंचावन्न. पुरवठादाराच्या कागदावर अ‍ॅक्टिव्हिटी जवळपास तीच, प्रत्यक्षात पचन निम्म्या वेळात. तीन आठवडे मी बफरचा पीएच, पाणी, उंदरांचं वय, स्वतःचा हात, सगळ्यांवर संशय घेतला. आता नवीन लॉटचे नमुने मागवून आधी साध्या उंदरांवर तपासते आणि पसंत पडलेला वर्षभराचा एकदम घेते.

कॅल्शियम परत देताना मात्र घाई नको. कॅल्शियमशिवाय राहिलेल्या हृदयाला ते एकदम दिलं तर पेशी मरतात, हे 1966 पासून माहीत आहे, तरी प्रत्येक नवा विद्यार्थी एकदा तरी करून बघतोच. टप्प्याटप्प्याने, गुरुत्वाने बसवत न्यायचं. सेंट्रिफ्यूजचा मोह टाळा. मग लॅमिनिन (पेशी चिकटवून धरणारं प्रथिन) लावलेल्या प्लेटवर. एक-दोन दिवसांत मोजमाप उरका, पुढे टी-ट्यूब्यूल, म्हणजे पेशीच्या पडद्याच्या आत शिरलेल्या नळ्या, विरायला लागतात आणि ती पेशी प्रौढ म्हणावी अशी राहत नाही.

आता खरा घोळ. पहिल्यांदा औषध दिलेल्या प्लेटवर सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं पेशीला घातक रूप) दाखवणारा लाल डाय टाकला तेव्हा असा झगझगीत परिणाम आला की मी फोटो सरांना लगेच पाठवला. दुसऱ्या दिवशी डाय न टाकलेली, फक्त औषधाची प्लेट बघितली. तीही लाल. डॉक्सोरुबिसिन स्वतःच चमकतं: 480 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश घेतं आणि 590 च्या आसपास सोडतं. नेमकं तिथेच मायटोकाँड्रियाचे आणि मृत पेशींचे नेहमीचे लाल डायही चमकतात. सरांना दुसरा मेसेज पाठवताना हात जड झाला होता. आता त्याहून लांब तरंगलांबीला चमकणारा फार-रेड डाय वापरते, आणि 'फक्त औषध, डाय नाही' ही विहीर (प्लेटमधला एक कप्पा) प्रत्येक प्लेटवर असते.

प्लेटवर औषध टाकणं त्या मानाने सरळ आहे. अवघड आहे ते औषध दिलेल्या उंदरातून पेशी काढणं. आठवड्याला किलोमागे 5 मिलिग्रॅम, चार आठवडे, मग विश्रांती, मग प्रेप. इकोवर हृदय स्पष्टपणे मंदावलेलं. पण डिशमध्ये रॉड छान, आकुंचन औषधाऐवजी सलाइन दिलेल्या उंदरांच्या जवळपास. दोन महिने मला वाटत होतं की नुकसान पेशीत नाहीच. मग वहीतले जुने आकडे चाळले. औषधाच्या हृदयातून निघालेल्या एकूण पेशी दर वेळी कमी होत्या. कमजोर पेशी कोलॅजिनेज आणि पिपेटमध्येच फुटत होत्या, आणि मी मोजत होते त्या वाचलेल्या, दणकट. युद्धातून परतलेल्यांनाच विचारून जखमींची संख्या काढावी, तसं.

म्हणून रॉडची टक्केवारी मी आता एकटी लिहीत नाही. हृदयाचं वजन, कोलॅजिनेज किती मिलि लागलं, एकूण पेशी किती, लॉट कोणता, सगळं शेजारीशेजारी. सलाइन आणि औषधाचे उंदीर जोडीने, त्याच दिवशी, आणि कोणता कुठला हे मोजणाऱ्याला ठाऊक नाही. बरोबरच्या काही उंदरांची हृदयं न पचवता थेट काप घेण्यासाठी ठेवते, कारण डिशमध्ये न पोचलेल्या पेशी फक्त तिथेच दिसतात. आणि एका हृदयातल्या शंभर पेशी म्हणजे शंभर प्रयोग नव्हेत, एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, उंदरांचीच. समीक्षकांनी हे दोनदा ऐकवलंय, दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं.

घ्यावी का ही पद्धत? कॅन्युलात हात बसलेला असेल तर बदलायची गरज नाही. नव्याने सुरू करत असाल तर हीच घ्या, आणि पहिले दहा-बारा उंदीर शिकण्यात जातील हे नैतिक समितीच्या अर्जातच लिहा, नंतर परवानगी वाढवून घेणं जिवावर येतं. लँगेनडॉर्फ मात्र मी विकू दिलेला नाही. औषधानंतर पूर्ण हृदय किती दाब निर्माण करतं हे मोजायला सिरिंजचा काही उपयोग नाही. पुढच्या महिन्यात तो कपाटातून बाहेर काढायचाय, ट्यूबिंग सगळं बदलावं लागेल.