कफाच्या खोकल्यावर अडुळसा, सितोपलादी, ज्येष्ठमध: दिवाळी ते होळी वापरून

आधी निकाल सांगते. अडुळसा कामाचा, सितोपलादी ठीकठाक, ज्येष्ठमध फक्त घशापुरता. खोकला मुळापासून कुणीच घालवला नाही. सर्दीनंतरचा खोकला बरेचदा दोन आठवडे रेंगाळतो आणि आपला आपण जातो, त्यामुळे 'तीन दिवसांत गुण' म्हणणाऱ्यांचं मी फारसं मनावर घेत नाही.

माझा त्रास म्हणजे सकाळी छातीत घुरघुर आणि न सुटणारा बेडका. अडुळशाची कच्ची पानं वाटून हाती काही लागत नाही. वाफवली किंवा तव्यावर शेकली की मग पिळून रस निघतो. चमचाभर रस, तेवढाच मध. कडू म्हणजे इतका कडू की गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोक तो कुंपणाला लावतात! पण कफ पातळ होऊन सुटायचा. त्यातलं श्रेय मधाचं किती, हे वेगळं काढता येणार नाही. नुसत्या मधानेही रात्रीचा खोकला थोडा निवळतो.

अडुळशातल्या वासिसिन या घटकावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं आणि केमिस्टकडच्या कित्येक कफ सिरपांत असतं ते अँब्रॉक्सॉल हे त्याचंच पुढचं रूप. म्हणजे हे औषध आहे, आणि औषधासारखंच जपून घ्यायचं. वासिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. जावेला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून तिला अडुळसा बंद, बाटलीतलं सिरपसुद्धा.

सितोपलादीचं प्रमाण ठरलेलं आहे: खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2, दालचिनी 1. म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच, वर चाटण मधातलं. मुलं आवडीने चाटतात ते उगाच नाही. सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांना मी देत नाही. वंशलोचन बांबूच्या पोकळीत सापडतं आणि महाग असतं. चूर्ण फारच स्वस्त मिळालं तर त्यात काय घातलंय याची मला शंका येते.

ज्येष्ठमधाची काडी चघळली की घसा मऊ पडतो, कफावर मला तरी फरक जाणवला नाही. सर्वात निरुपद्रवी वाटणारं हेच, पण सासूबाईंच्या बाबतीत मी सर्वात जास्त सांभाळलं तेही हेच. रोज बरेच दिवस घेतलं तर त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात पाणी साठतं, रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. त्यांना बीपीच्या गोळीबरोबर लघवी वाढवणारी गोळीही आहे, तिनेही पोटॅशियम कमी होऊ शकतं. काढ्याच्या तयार पुड्यांत ज्येष्ठमध बरेचदा असतं, तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचा.

तान्ह्यांचं वेगळं. वर्षाच्या आत मध अजिबात नको, बोटावर लावूनही नाही. त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बॉट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो. बाळघुटीतल्या वेखंडाबद्दलही माझं आजेसासूबाईंशी पटलं नाही. त्यात बीटा-असारोन हा घातक मानला जाणारा घटक असतो, आणि अमेरिकेत खाद्यपदार्थांत वेखंड घालायला 1968 पासून बंदी आहे. आमच्या सहाणेवर ते उगाळणं थांबलं.

थुंकीत रक्त, धाप, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर यातलं काहीच करत बसू नका. नुसता खोकलाही दोन आठवड्यांच्या वर गेला तर सरकारी आरोग्य केंद्रात टीबीसाठी थुंकी तपासून घ्या, तिथे पैसे लागत नाहीत.